पंच्याऐंशी हर्ट्झचं स्थळ

मला सांगून आलेलं पहिलं स्थळ मॉनिटरमुळे गेलं.

त्या वर्षांत कपाशीने सगळ्यांना असा हात दाखवला होता की शेती आहे म्हटल्याबरोबर मुलीकडचे चहा अर्धा सोडून उठत. म्हणून बाबांनी माझ्या बायोडेटात बारा एकर काळी जमीन शेवटच्या ओळीत ढकलली आणि वर लिहिलं, ‘मुलगा कॉम्प्युटरमध्ये.’ म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेत माझं लग्नपत्रिका टाइप करून देण्याचं दुकान होतं. (इतरांच्या लग्नाच्या.)

अमरावतीहून वैशाली आणि तिचे वडील दुकान पाहायला येणार, म्हणून मी मित्राचा नवा चपटा मॉनिटर मागून आणला आणि माझ्या जुन्या, डब्यासारख्या जाड मॉनिटरशेजारी त्याच कॉम्प्युटरला जोडला. दोन्हींवर एकच पत्रिका. एका पडद्याचा माणूस ऑपरेटर, दोन पडद्यांचा इंजिनियर, अशी माझी समजूत.

पाव्हण्यांनी, म्हणजे वैशालीच्या वडिलांनी, दोनच मिनिटांत डोळे पुसले.

“हा डब्बा लपलप करून राहिला न. डोयातून पानी येते.”

“साठ हर्ट्झवर आहे, काका, सेकंदाला साठच वेळा उजळतो. वाढवतो,” म्हणत मी रुबाबात पंच्याऐंशी केले. डब्याची लपलप थांबली. चपटा मात्र काळा पडला आणि त्यावर उमटलं, ‘आऊट ऑफ रेंज’.

बाबांनी अक्षराला अक्षर लावून वाचलं. “रेंज नाई म्हंते.”

“आमच्या इकडंबी गच्चीवरच येते,” पाव्हणे म्हणाले. “न्या ना वर.”

यावर मी हसायला हवं होतं. पण ही रेंज कशाची, ते मलाही ठाऊक नव्हतं. आणि अडाणी दिसण्यापेक्षा जिना चढलेला बरा! बाबांनी कॉम्प्युटर उचलला, पाव्हण्यांनी वायरींचं भेंडोळं, मी चपटा. (डबा खालीच ठेवला. त्याला रेंज होती.)

अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन! सगळं जोडलं, पण पडद्यावर काही दिसेना. ब्राइटनेस शंभरावर नेला, तरी दिसेना.

“गेलं पाहा ते रेंज नसल्याचं,” बाबा समाधानाने म्हणाले.

“पन पत्रिका कुठी हाय?”

“थे बी येईन. दम धरा जरासा.”

मी गळ्यातला दुपट्टा डोक्यावर ओढून पडद्यात तोंड खुपसलं. आत तेच तीन इंग्रजी शब्द. बाहेर वैशालीला माझी फक्त पाठमोरी बाजू दिसत असणार.

“खाली आणा सगळं,” ती पहिल्यांदाच बोलली.

खाली तिने डब्याकडे पाहत पंच्याऐंशीचे पंच्याहत्तर केले. दोन्ही पडदे सुरू झाले. चपट्यावरची पत्रिका चुन्यासारखी पांढरीफट्ट.

“एवढा उजेड कशाले पाडला?” म्हणत तिने ब्राइटनेसही उतरवला.

“पण पंच्याहत्तरच काहून?” मी विचारलं.

“या चपट्याले जास्त झेपत नाही. जोडी लावली की जास्तवाल्याले कमीवाल्याच्या चालीनं चालावं लागते,” ती म्हणाली. आधी चपट्याकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

वाक्य मला इतकं पटलं की मी ते खडूने दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवलं. तिसऱ्या दिवशी अमरावतीहून नकार आला. ती मॉनिटरबद्दल बोलत नव्हती, हे समजायला मला पुढचे दोन महिने लागले.