डॉक्टरबाईंची स्कूटी

पोलिसाच्या नोकरीत तपासलेले कितीतरी गुन्हे आता आठवत नाहीत, पण मुरुम गावची ती जळालेली स्कूटी मात्र विसरलो नाही.

एके सकाळी ठाण्यात फोन आला. दवाखान्यासमोर उभी असलेली डॉक्टरबाईंची स्कूटी कुणीतरी पेटवून दिली होती. आम्ही जाऊन पंचनामा केला. काही दिवसांपूर्वी बाईंनी महाविद्यालयात मुलामुलींना पाळी, गर्भनिरोधक, गुप्तरोग यांविषयी मोकळेपणानं माहिती दिली होती. पोरी बिघडतील, अशी गावातल्या चौघांनी ओरड केली होती. आधी त्यांनाच बोलावलं. त्यांच्याकडं नुसतीच बडबड होती. फार बोलणारा सहसा काडी ओढत नाही, हा माझा अनुभव.

मग एखाद्या मुलीच्या घरच्या कुणाचा राग असेल म्हणून बाईंना विचारलं, महाविद्यालयातल्या कोण कोण मुली तुमच्याकडं येतात?

"साहेब, गाडी गेली तर गेली. पेशंटचं नाव मी सांगणार नाही."

तपास तिथंच अडला. पुढं खबऱ्यानं खबर आणली. "एक टेम्पोवाला त्या रात्री पंपावरून बाटलीत पेट्रोल घेऊन गेला, साहेब. त्याचा टेम्पो तर डिझेलवर चालतो."

त्याला ठाण्यात आणलं. तरणा, कामसू गडी. पेट्रोल मित्राच्या मोटारसायकलसाठी घेतलं म्हणाला. मित्राचं नाव विचारल्यावर खाली बघू लागला. मी चहा मागवला आणि गप्प बसलो. चौकशीत गप्प बसणंही शिकावं लागतं. शेवटी त्यानंच विचारलं, "त्या बाईनं माझ्या बायकोचं नाव सांगितलं का?"

बायकोचा विषय आमच्यापैकी कुणीच काढला नव्हता.

मग सगळं बाहेर आलं. बायको एकवीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. वर्गातल्या कुणाशी तरी तिचं जमलंय, हे त्याच्या डोक्यात बसलेलं. भाडी सोडून तो तिच्या एसटीमागं टेम्पो घेऊन फिरायचा. पोरगा कुठंच दिसला नाही. एक दिवस ती दवाखान्यात शिरताना दिसली. घरी दरडावल्यावर तिनं दिवस जाऊ नयेत म्हणून तांबी बसवल्याचं सांगून टाकलं.

"लेकरू नको म्हंजे दुसरा कोणतरी असंलच की, साहेब."

महिला हवालदारानं त्याच्या बायकोचा जबाब घेतला. बाहेर येताना दोघं समोरासमोर आले.

"कोण हाय त्यो?" त्यानं विचारलं.

"कुणी न्हाय. परीक्षा झाल्यावर लेकरू, एवढंच म्हणत होते मी."

"मग त्या बाईला सांगितलंस, मला का न्हाय?"

"तुम्हालाच आधी सांगितलं. तुम्ही माझा मोबाईल घेऊन नंबर बघत बसलात."

त्यानं गुन्हा कबूल केला, बाटलीही काढून दिली.

तो कोठडीत असतानाच तिची परीक्षा सुरू झाली. ती माहेरून पेपरला जायची. मी कोठडीपाशी गेलो, तर त्यानं जामिनाचं विचारलंच नाही.

"पेपरला कुणासंगं गेली?"

"वडिलांसोबत."

त्यानं गज धरले. "वडीलच होते का? तुम्ही सोता बघितलं?"

उभी नोकरी मी संशयावर केली. पण पुरावा मिळाला नाही की पोलिसाला माणूस सोडून द्यावा लागतो. मत्सराला तसला कायदा नाही, पुरावा नसला की तो आणखी पेटतो. हे मी त्या गजांपाशी शिकलो. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना ठाण्यात बोलावलं आणि एवढंच सांगितलं, "पोरगी आपल्या तोंडानं म्हणेपर्यंत तिला सासरी धाडू नका."