मिसळणाच्या डब्यातली पाती

फोडणीला मोहरी हवी म्हणून मालतीताईंच्या ओट्यावरचा मिसळणाचा डबा उघडला आणि मी किंचाळलेच! सातही वाट्यांत बाणांची गंजकी, धारदार पाती. "अगं, तो माझा डबा. मोहरीचा वरच्या फळीवर आहे," ताई शांतपणे म्हणाल्या. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावातली ही आमची पहिली भेट. मी नवऱ्यामागून नुकतीच आलेली आणि त्या शेजारच्या, इथे वीस वर्षं मुरलेल्या.

शिकारीच्या बाणांची जुनी पाती गोळा करायचं वेड त्यांना कुठून लागलं, देव जाणे! शनिवारी सायकल काढून जुन्या बाजारात जायच्या आणि घरी येऊन भिंग घेऊन बसायच्या. धारा दोन की तीन, रिव्हेटचे खिळे किती, रंगाचा कण कुठे उरलाय, यावरून पात्याचं कूळ काढायच्या. "आधी बघ, मग बोल, मंजिरी. रंग म्हणजे याचा जन्मदाखला गं," असं त्या सांगायच्या. मी हो हो म्हणायची, पण माझं सगळं लक्ष चहात.

एका तीनधारी पात्याची ओळख बारा वर्षं पटत नव्हती. ब्रेडा शहरातले एक म्हातारे संग्राहक रविवारी त्याचा काळा रंग ताडून बघायला येणार होते. त्याआधी ताई दोन दिवस लेकीकडे गेल्या. कुंड्यांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे.

आणि मला आठवली खंडेनवमी! घरात एवढी शस्त्रं, आणि पूजा नाही? चिंच-मीठ लावून, काथ्यानं एकूणएक पातं घासलं. अशी लखलखली म्हणता! पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडू वाहिला.

ताई परत आल्या त्या दारातच थिजल्या. तीनधारी पातं उचलून उजेडात धरलं. "रंग?" एवढंच म्हणाल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताईंनी पातं परत पाटावर ठेवलं. मला वाटलं, आता ही बाई माझं तोंडही बघणार नाही. पण त्या म्हणाल्या, "निरांजन लाव. मांडलेली पूजा अर्धी सोडू नये."

रविवारी ते गृहस्थ आले. पातं पाहून लालबुंद झाले. हा गाढवपणा कुणी केला, म्हणून ओरडले. "मीच घासलं," ताई म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी चहाचा ट्रे धरून उभी. तोंड उघडायचं धाडस मला झालं नाही. ते चहा न घेताच गेले.

मार्चमध्ये ताई गेल्या. आदल्या दिवशी तर सायकलवर दिसल्या होत्या हो! नंतर त्यांची लेक डबा घेऊन आली. "आई सेड, धिस इज फॉर यू." प्रत्येक पात्याला चिठ्ठी होती. तीनधारीवर लिहिलं होतं: "कूळ सापडलं नाही. रंग चिंचेनं गेला. पूजा एकदाच झाली, मंजिरीनं केली."

मी डबा ओट्यावर ठेवला. मग डोळे पुसून ब्रेडाच्या त्या गृहस्थांना फोन लावला आणि म्हटलं, "ते पातं ताईंनी नव्हतं घासलं. मी घासलं होतं."