अण्णाचा नेम आणि सहा छड्या

आज विळीवर कैरी चिरली आणि तिच्या हिरव्या, आंबट वासाने मला गिरगावातल्या एका वकिलांच्या ओसरीवर नेऊन बसवले. मी तेव्हा आठ वर्षांची होते. माझा बारा वर्षांचा भाऊ अण्णा याने कैरीवर मारलेला दगड रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याला लागला होता आणि मॅजिस्ट्रेटने त्याला सहा छड्यांची शिक्षा दिली होती. वरच्या कोर्टात दाद मागण्यासाठी आमचे वडील, नाना, अण्णाला घेऊन तिथे आले होते. मी हट्टाने मागे गेले होते.

ओसरीभर ओल्या शाईचा आणि तपकिरीचा वास होता. वकील अपील लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले, "दिवा फोडण्याचा मुलाचा हेतू नव्हता. त्याचा नेमच अत्यंत वाईट आहे."

"खोटं आहे!" अण्णा उसळला. "वारा आला मध्येच!"

"वाऱ्याला कोर्टात कसा उभा करू, बाळ?"

"गप्प बैस, गाढवा," नाना कुजबुजले. "पाठ तुझी सोलली जाणार आहे."

छड्यांचे नाव ऐकूनही कोरडे राहिलेले अण्णाचे डोळे आता भरून आले. मी फिदीफिदी हसले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

अपील मंजूर झाले. पण ते वाक्य भर कोर्टात वाचले गेले आणि आमच्या आधी गल्लीत पोहोचले. संध्याकाळी विटीदांडूचे गडी वाटताना अण्णाला कोणीच घेईना. तो घरी आला, पेढे वाटणाऱ्या नानांसमोर उभा राहिला आणि अतिशय गंभीरपणे म्हणाला, "नाना, या निकालावर आणखी वर कुठे अपील करता येतं का?"