खंडेनवमीचा नारळ आणि गोकुळदासची बोटं

गोकुळदास, हे तुला सांगतेय, मध्ये बोलू नकोस. पेडणे ते हरमल मोटारसायकलवरून संगणक दुरुस्त करत फिरणारा तू. आमच्या वाचनालयातला लिनक्सचा संगणकही तूच बसवलास. दोन हजार सहाच्या खंडेनवमीला त्याचा कीबोर्ड मेला. कळा बडवल्या तरी अक्षर उमटेना. ग्रंथपाल देवकी रडकुंडीला आली. घरात सुतक असताना तिने पूजा केली होती. आता काहीतरी वाईट होणार, असं तिने मनाशी धरलंच.

तू आलास, पूजेकडे पाहिलंस. "देवकीबाय, संगणक चालू आसताना पूजा केली?"

"बंद यंत्राची कसली पूजा?"

"मग ह्या नारळान शिफ्टची कळ दाबून धरली. आठ सेकंद धरली की कळा मंद करपाची सोय आपोआप चालू जाता. मागीर हरेक कळ खूप वेळ दाबची पडटा. हो देवाचो कोप न्हय, देवाक कित्याक मदीं हाडटा?"

सेटिंगमध्ये जाऊन तू ती सोय बंद केलीस. देवकी हसली. मग खात्री करायला तू स्वतःचं नाव टंकलंस. व्यंजनं आली, काने-मात्रे गळले. मराठी कीबोर्डवर त्यांच्या कळा सगळ्या डाव्या हाताला. पिशवीतला नवा कीबोर्ड लावलास, दुसरं खातं उघडलंस. तेच.

"सरक," म्हटलं आणि मी तुझं नाव टंकलं. सबंध उमटलं.

"तुमी मास्तरीण, बाई. कळा तुमकां भितात."

मला हसू आलं नाही. महिनाभर तू मोटारसायकलचा क्लच जड झालाय म्हणत होतास, केबल दोनदा बदललीस. क्लच डाव्या हाताचा.

"डावी मूठ आवळ."

आवळलीस. करंगळी बाहेरच राहिली. देवकीने पूजेचं ताट उचललं आणि ती आत गेली.

"म्हापशाला नसांच्या डॉक्टरकडे जा. आजच."

"दिवाळी सोंपूं दियात, बाई. हरमलचो पर्यटकांचो सीझन सुरू जातलो."

दिवाळी संपली, सीझनही. आता तुझा डावा हात मांडीवर नुसता पडून असतो, आणि उजव्याचीही सुरुवात झालीय, असं तुझी बायको गौरवी म्हणते.

त्या दिवशी एवढंच ठरलं होतं: डॉक्टर माझ्या ओळखीचे, मी चिठ्ठी लिहून ठेवायची, तू गुरुवारी न्यायचीस. मी लिहिली. तू आला नाहीस. तुझं घर वाचनालयापासून चार पावलांवर. मीही नेऊन दिली नाही.