मामांनी गीझर घेतला

चौकशी केल्याशिवाय एकही वस्तू घरात न आणलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. लोक छत्री घेताना ती एकदा उघडून बघतात. मामा ती घेऊन दुकानाबाहेर जात, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून पाच मिनिटं उभे राहत आणि मग आत येऊन दुकानदाराला सांगत, "आता ही उलटी झाली तर सुलटी कशी करायची ते दाखवा." वसईजवळच्या उमेळ्याचा फ्लॅट घेण्याआधी ते त्या अर्ध्या बांधलेल्या इमारतीत सकाळी जाऊन आले, दुपारी जाऊन आले, भर पावसात जाऊन आले आणि एकदा भरतीची वेळ काढूनही जाऊन आले. मे महिन्यातल्या एका दुपारी तर त्यांनी घरून स्टूल नेलं आणि जिथे पलंग टाकायचा त्या जागी तीन तास बसून ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहिलं. गवंड्यांना वाटलं हा बिल्डरचा माणूस, बिल्डरला वाटलं हा कोर्टाचा माणूस. त्या दिवशी दोघांनीही काम चोख केलं.

या चौकशीतून मीही सुटलो नव्हतो. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडचे लोक विरारला आमचं घर बघायला आले. बाकीच्यांनी माझी नोकरी, शिक्षण, गाव वगैरे विचारलं. मामांनी आधी मोरीतला नळ उघडून बंद करून पाहिला, मग माझ्या आईसमोर बसून विचारलं, "हा आजारी पडला की कसा वागतो?" आई गोंधळली, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. म्हणाली, "फार किरकिर करतो हो." मामांचा चेहरा उजळला. बाहेर पडताना जिन्यातच त्यांनी बहिणीला सांगितलं, "खरं बोलणारी माणसं आहेत. द्यायला हरकत नाही." चालते तेव्हा प्रत्येकच वस्तू चांगली असते, बिघडल्यावर कशी वागते त्यावरून ती घ्यायची की नाही ते ठरवावं, असं त्यांचं म्हणणं. मी बिघडल्यावर किरकिरच करतो हे आधीच कळल्यामुळे पुढे बायकोची फसवणूक झाली नाही.

तर अशा माणसाच्या घरात गीझर यायचा होता.

मामा निवृत्त होऊन उमेळ्याला राहायला आले, तेव्हा खिडकीतून केळीच्या बागा दिसत. पुढे एकेक करून त्या बागांच्या जागी इमारती आल्या, पण थंडी मात्र तिथेच राहिली. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात पहाटे असा गारठा असतो की मुंबईहून आलेल्या माणसाला स्वेटर शोधावा लागतो. मामींना संधिवात. थंडीत त्यांच्या हाताची बोटं सुजत आणि सकाळी मूठ मिटत नसे. आंघोळीचं पाणी गॅसवर मोठ्या पातेल्यात तापवायचं, फडक्यात धरून स्वयंपाकघरातून मोरीपर्यंत न्यायचं, अशी रोजची कवायत. एके दिवशी त्यांची बोटं वळलीच नाहीत. पातेलं निसटलं आणि उकळतं पाणी उजव्या पायावर आलं. पाऊलभर फोड आले. महिनाभर मामी पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या.

माझी बायको मामांना इतकी बोलली की मलाच कानकोंडं झालं. "मामा, उद्याच्या उद्या गीझर आणा. नाही आणलात तर मी मामीला आमच्याकडे घेऊन जाईन."

मामा खाली मान घालून म्हणाले, "आणतो ना, बाळ. जरा चौकशी करतो."

ही चौकशी तीन हिवाळे चालली.

तोवर पाणी वाहायचं काम मामांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी साडेसहाला धोतर वर खोचून, दोन्ही हातांत पातेलं धरून, "गरम, गरम, बाजूला व्हा!" असं हॉटेलातल्या वेटरसारखं ओरडत ते निघत. घरात ती दोघंच. मामी आधीच मोरीच्या दाराशी बसलेल्या. बाजूला व्हायला दुसरं कुणी नव्हतंच, पण ओरडल्याशिवाय पातेलं उचलायचं नाही हा त्यांचा नियम होता.

चौकशीची सुरुवात दुकानांपासून झाली. वसई रोडला स्टेशनजवळच्या एका दुकानदाराने मोठ्या उत्साहाने गीझर पुढे केला आणि तो म्हणाला, "काका, बिनधास्त घेऊन जा. पाच वर्षं बघायला नको."

"बघायला नको म्हणजे? मी तर रोज बघणार," मामा म्हणाले आणि त्यांनी खिशातून काड्यापेटी काढली. पेटीत काड्या नव्हत्या, पांढऱ्या खपल्या होत्या. आमच्याकडे बहुतेक इमारतींत तेव्हा बोअरचं पाणी, जड आणि खारं. पातेल्याच्या बुडाला क्षाराचा थर बसे. तो खरवडून मामांनी नमुन्यादाखल जपला होता. "हा आमच्या पाण्यातला क्षार. महिन्याला एवढा जमतो. तुमचा गीझर याचं काय करणार, ते सांगा." दुकानदाराला ते सांगता येईना. सबंध स्टेशन रोडवर हा प्रकार झाल्यावर काड्यापेटीवाले काका येताना दिसले की दुकानदार आतल्या खोलीत जेवायला जाऊ लागले, मग सकाळचे अकरा का वाजले असेनात.

दुकानात खरं कळत नाही म्हटल्यावर मामांनी वापरणाऱ्यांकडे मोर्चा वळवला. म्हणजे ज्याच्या घरी गीझर, त्याच्या घरी जाऊन ते आंघोळ करू लागले. एका रविवारी सकाळी सात वाजता आमची बेल वाजली. दारात मामा. खांद्याला पिशवी, पिशवीत पंचा, साबण, बदलायचे कपडे आणि शाळेच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एका मित्राकडून आणलेली तापमापी. "जावईबापू, तुमचा गीझर बघायला आलोय," म्हणत ते सरळ न्हाणीघरात शिरले. मला दाराबाहेर कागद-पेन्सिल घेऊन बसवलं होतं. आतून पाण्याच्या आवाजावर आवाज चढवून आकडे येत. "सहा मिनिटं! बादली पाऊण! अठ्ठेचाळीस! लिहिलंत?" मध्येच, "डोळ्यात साबण गेलाय, आत्ताचा आकडा धरू नका!" बाहेर आल्यावर त्यांनी अंग पुसत कागद तपासला, पोहे खाल्ले आणि जाताना सांगितलं, "तुमचा गीझर ठीक आहे, पण मनाने कमकुवत आहे. दुसऱ्या बादलीला खचतो."

जूचंद्रला त्यांच्या ऑफिसातल्या एका जुन्या सहकाऱ्याकडे गॅसवरचा गीझर होता. वीज हवी तेव्हा जायची ते दिवस, म्हणून गॅसवरचा बरा असं मामांचं मत होत होतं. तिथे अंगभर साबण लावून झाल्यावर गीझरची ज्योत विझली. सहकाऱ्याने बाहेरून "आत्ता पेटवतो, आत्ता पेटवतो" म्हणत तीनदा प्रयत्न केला. शेवटी मामांनी गार पाण्याने अंग धुतलं, शिंकत बाहेर आले आणि बंद मोरीत गॅस जळायला नको, असा शेरा देऊन मोकळे झाले. यजमान बिचारे अपराध्यासारखे रिक्षापर्यंत सोडायला आले.

सगळ्यात जास्त फजिती झाली ती निर्मळला. तिथे मामांचे एक ख्रिस्ती स्नेही राहत. निवृत्त शिक्षक, घरची केळीची आणि फुलांची वाडी. त्यांच्या अंगणात नारळाच्या झावळ्यांवर आणि करवंट्यांवर तापणारा तांब्याचा बंब होता. मामा पोहोचले तेव्हा घरातली मंडळी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्साच्या प्रार्थनेला निघाली होती. सर म्हणाले, "बंब पेटलेलाच आहे. तुम्ही सावकाश आंघोळ करा, आम्ही तासाभरात येतो. घर उघडंच आहे." मामा त्या धुराचा वास लागलेल्या पाण्याने आंघोळ करायला बसले आणि चौकशी विसरले. तापमापी पिशवीतच राहिली. मंडळी देवळातून परत आली, तेव्हा हा माणूस पंचा नेसून पायरीवर बसला होता आणि केळीच्या पानांकडे बघत होता. सर हसत म्हणाले, "काय झाली का तपासणी?" मामा म्हणाले, "सर, यात तपासण्यासारखं काही नाही. हे पाणी नुसतं अंगावर घ्यायचं असतं."

घरी येऊन त्यांनी बंबच घेऊ या, असा प्रस्ताव मांडला. मामी शांतपणे म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर धूर कुठून सोडू? तुमच्या नाकातून?"

दुसरा हिवाळाही असाच गेला. तिसऱ्याच्या तोंडाशी बायकोचा संयम संपला. "आता तुम्ही जाऊन बोला. पुरुषाचं ऐकतील," म्हणून तिने मला पाठवलं. मी खरोखरच रागात गेलो होतो. मामा घरी नव्हते, कुणाकडे तरी आंघोळीला गेले होते. मी मामींसमोरच मन मोकळं केलं. म्हटलं, "मामी, चौकशीला काही सीमा असते. तुमचा पाय भाजला, हात असे झालेत आणि हा माणूस लोकांच्या बादल्या मोजत फिरतोय. त्यांना तुमची काही काळजी आहे की नाही?"

मामी भाजी निवडत होत्या. सुजलेल्या बोटांनी एकेक पान खुडणं चाललं होतं. ते न थांबवता त्या म्हणाल्या, "बसा. चहा ठेवते, पण आधी ऐका. आमचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. चाळीतली खोली. मला गार पाणी सोसत नाही म्हणून यांनी हौसेने पाणी तापवायची सळई आणली. फुटपाथवरची. कसली चौकशी नाही, काही नाही. तेव्हा हे तसे नव्हतेच हो. रस्त्यात दिसलं ते हातात घेऊन घरी येणारे होते. गजरा आण, खारे दाणे आण. दुसऱ्याच दिवशी मी बादलीत हात घातला आणि फेकली गेले. शुद्ध आली तेव्हा हे माझा हात चोळत होते आणि मोठमोठ्याने रडत होते. शेजारी जमले, तरी थांबेनात. मला पुढे काही झालं नाही. पण त्या दिवसापासून..." त्यांनी भाजीचं ताट बाजूला सारलं. "त्या दिवसापासून साधी मेणबत्तीही यांनी विचारल्याशिवाय आणलेली नाही. तुम्ही रागावू नका त्यांच्यावर. माझी काही घाई नाही."

मी चहा घेतला. मामांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी कायम वीज तपासायचा एक टेस्टर असायचा. त्यावरून आम्ही किती विनोद केले होते ते सगळे मला आठवत राहिले.

तेवढ्यात मामा आले. केस ओले, हातात पिशवी. मला बघून चपापले. मी म्हटलं, "मामा, चला. आज आपण दोघं मिळून चौकशी पुरी करू."

त्या दिवशी आम्ही कुठल्याही दुकानात गेलो नाही. गीझर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. मामांनी काड्यापेटी उघडली. मिस्त्रीने एक खपली बोटावर घेऊन चुरगाळली. म्हणाला, "बोअरचं पानी. यात कुठलापण गीझर घ्या काका, खराब होनारच. मी सांगतो तो घ्या, कॉईल बदलून मिळते. वर्षाला मी येऊन साफ करून देईन. पन आधी घरात अर्थिंग आहे का बघा. नुसत्या तीन पिनवर जाऊ नका." मामांनी त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरला. खराब होणारच, असं तोंडावर सांगणारा पहिला माणूस त्यांना तिसऱ्या हिवाळ्यात भेटला होता.

अर्थिंग नीट नव्हतंच. मामांनी सोसायटीच्या मागे स्वखर्चाने अर्थिंगचा खड्डा खणवला, त्यात कोळसा आणि मिठागरातलं जाडं मीठ थरांनी घातलं, वरून स्वतः पाणी ओतलं. सेक्रेटरी धावत आले. "काका, भूमिपूजन कसलं चाललंय? कमिटीला विचारलंत का?" मामा म्हणाले, "विचारलं नाही. पण सगळ्या इमारतीला पुरेल, तुमच्याही मोरीला." सेक्रेटरींनी दुसऱ्या दिवशी आपली वायर त्याला जोडून घेतली.

गीझर बसला. पण पहिले सात दिवस मामींना न्हाणीघरात प्रवेश नव्हता. सात दिवस मामांनी आधी स्वतः आंघोळ केली, रोज वेगवेगळ्या ठिकाणी ओला हात लावून पाहिला आणि मामींना पातेल्यातलंच पाणी दिलं. आठव्या दिवशी, रविवारी, आम्हा दोघांना बोलावणं आलं. मामांनी पाणी तापवलं, बटण बंद केलं, टेस्टर लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला आणि दार मोकळं केलं. मामी आत गेल्या. आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो आणि मामा रबरी चपला घालून दाराशी उभे राहिले. आतून पाण्याचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मामांच्या कपाळावर घाम आला. "अगं, ठीक आहे ना?" त्यांनी दार ठोठावलं. "अगं ए!"

दार उघडलं. वाफेत मामी उभ्या होत्या, चेहरा लहान मुलीसारखा लाल झालेला.

"कसं होतं?" मामांनी विचारलं.

"गरम होतं," मामी म्हणाल्या.

मामांनी त्यांचा हात हातात घेतला, एकेक बोट मिटवून उघडून पाहिलं आणि गॅलरीत निघून गेले. बायको त्यांच्या मागे जायला उठली. मामींनी तिला खुणेनेच बसवलं.

पुढे सात-आठ वर्षं तो गीझर चालला. कॉईल दोनदा बदलली. मामांनी एकच कायदा केला होता. बटणाला मामींनी हात लावायचा नाही. सकाळी तेच उठत, तेच बटण लावत, वेळ झाली की बंद करत आणि मग मामींच्या उशाशी जाऊन म्हणत, "ऊठ, पाणी तापलंय."

मामा गेले ते थोड्या दिवसांच्या आजाराने, फारसा त्रास न देता. दिवसकार्य आटोपल्यावर महिन्याभराने आम्ही उमेळ्याला गेलो. मामी बऱ्या होत्या. घर नीटनेटकं होतं. बायकोने विचारलं, "मामी, गरम पाणी वगैरे घेतेस ना? गीझर नीट चालतोय?"

"चालतोय की," मामी म्हणाल्या. "बटण लावायला शिकले मी. सोपं आहे." मग हातातल्या पदराच्या टोकाला पीळ देत त्या म्हणाल्या, "फक्त पाणी तापलं तरी मी आपली पडूनच राहते गं. कुणी उठवल्याशिवाय उठायची सवयच राहिली नाही."