रूथबाईंचा डावा हात

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, हे आधीच सांगून टाकते. मी मुलींच्या शाळेत चपराशीण. बापानं दीक्षेनंतर हट्टानं शाळेत घातलं म्हणून चौथी झाले, नाहीतर तेवढंही नव्हतं. आणि चौथी पास चपराशिणीनं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं, बी.ए. झालेल्या बाईनं नुसतं ऐकलेलं खरं, हा तिथला कायदा.

अशा गोष्टी शाळेत साचतात कशा, तर फळ्यावरच्या खडूसारख्या. फळा पुसला तरी डस्टरमध्ये राहतातच. आज मी डस्टर झटकते आहे, एवढंच. रूथबाई पेन्शन घेऊन सुखरूप बाहेर पडल्या, आता कोणाचं काही बिघडत नाही. त्या दिवसांत मात्र माझा जीव मुठीत असायचा.

*

नागपुरात सदरमधली ती मिशनची शाळा. नाव घेत नाही. हॉलमध्ये इंग्रजांच्या वेळचा एक उभा, काळा पियानो होता. रूथबाई त्यावर सकाळची प्रार्थना वाजवायच्या. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, शाळेच्या आवारातच क्वार्टर, आणि सोबत अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई.

एका दिवाळीच्या सुट्टीत इतवारी बाजारात त्यांची सायकलरिक्षा पितळी हंड्या-गुंडांनी भरलेल्या हातठेल्यावर आदळली. उजवा हात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जुळलं होतं, पण बोटं आखडून बसली ती बसलीच. मूठ उघडेना. शाळेत त्यांनी हात बरा झाला असं सांगितलं आणि वरून पदर घेतला. संपलं. बाईमाणसाच्या पदराखाली काय आहे, हे कोण बघतो?

पियानोची पाठ मुलींकडं असायची. समोरून बाईंचा नुसता भांग दिसे. मी मात्र बाजूच्या दारात, घंटेपाशी. पहिल्याच दिवशी मला दिसलं. उजवा हात मांडीवर निजलेला, आणि डावा एकटा सगळा पियानो पालथा घालून राहिलेला! आवाज म्हणाल तर तोच. खालचा घुमणाराही आणि वरचा चालीचाही.

मी स्टाफरूममध्ये जाऊन सांगितलं. आमचे हेडक्लार्क ढोमणेबाबू तिथं चहा पीत होते, ते इतके हसले की चहा नाकातून आला. गणिताच्या बाईंनी वहीतून मान वर न काढता मला समजावलं, "कौसल्या, एका हाताने टाळी वाजत नाही."

"टाळीचं मले माहीत नाही," मी म्हटलं. "पियानो वाजते."

*

दुपारी रूथबाईंनी मला क्वार्टरवर बोलावलं. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा केला, तोही डाव्याच हातानं, आणि दाराआडून आईच्या खाटेकडं बोट केलं. कमिटीला कळलं तर नोकरी जाणार. नोकरी गेली की क्वार्टर जाणार. मग या म्हातारीला घेऊन कुठं जायचं, हे त्यांनी मलाच विचारलं. मग म्हणाल्या, "तू खरंच बोलली वं. पण आता नको बोलू."

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले आणि सांगितलं, माझी नजर चुकली, बाई दोन्ही हातांनी वाजवतात.

खरं सांगितलं तेव्हा कोणी मानलं नाही. खोटं सांगितलं तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "बघ, आम्ही तुला सांगतच होतो!"

*

हॉल झाडून मी पियानोचं स्टूल बरोबर मधोमध ठेवायची. रूथबाई आल्या की रोज ते उजवीकडं ओढायच्या. फरशीवर चरे पडू लागले. माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "बाई, रोज काहून सरकवता?"

त्यांनी मला बसवून दाखवलं. मधोमध बसलं की डाव्या हाताला उजवीकडच्या पट्ट्या गाठताना आपलंच पोट आडवं येतं. उजवीकडं सरकून बसलं की हात दोन्हीकडं मोकळा. आणि खरी गंमत हातात नव्हतीच, पायात होती. खालचा एक सूर मारायचा, पायानं पेडल दाबायचं, म्हणजे तो सूर घुमत राहतो. तो घुमतो आहे तोवर हातानं पटकन वर उडी मारून चाल वाजवायची, आणि चाल विझायच्या आत परत खाली. ऐकणाऱ्याला वाटतं दोन हात आहेत.

"उजवा हात गेला," बाई म्हणाल्या, "तर पायाले कामाले लावलं."

मी म्हटलं, "बाई, माझ्या घरी दोन हात, दोन पाय असलेला माणूस आहे. त्याच्यानं नळावरची बादली उचलणं होत नाही."

*

मग त्या पेडलला कुरकुर लागली. प्रत्येक दाबाला कुंई. शाळेत सगळ्यांना वाटलं हॉलमध्ये चिमणीचं पिल्लू अडकलं. आठवीच्या दोन पोरी बाकावर चढून ते शोधायला लागल्या, आणि बाकावरून बाईंचा हात सरळ दिसत होता. मी त्यांना खाली ओढलं आणि सुट्टीत पेडलला घरचं खोबरेल तेल घातलं. भरपूर. मन लावून.

डिसेंबरचा महिना. नागपूरची थंडी काही विचारू नका. रात्रीतून बाटलीतलं खोबरेल थिजतं, तर पेडलमधलं थिजायला काय लागतं? सकाळी बाईंनी पहिला सूर मारून पेडल दाबलं, ते खाली गेलं ते वर यायलाच तयार नाही. पहिला सूर विझेना, त्यात दुसरा, त्यात तिसरा. दुसऱ्या कडव्यापर्यंत हॉलमध्ये सगळे सूर एकमेकांत मिसळून असा गडगडाट झाला की मुलींनी घाबरून आवाज चढवला. शेवटचं "आमेन" मुली वर्गात जाऊन बसल्या तरी घुमतच होतं.

मी भिंतीला टेकून उभी. संपलं सगळं, आता चौकशी. तेवढ्यात आमच्या हेडमिस्ट्रेस, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, डोळे पुसत आल्या आणि रूथबाईंना म्हणाल्या, "आज किती मनापासून वाजवलंत!"

दुसऱ्या दिवशी मी शिंप्याकडून शिलाई मशीनचं तेल आणलं. तर मोठ्या बाईंची तक्रार, कालच्यासारखं होत नाही.

*

पाहुणे म्हणजे आणखी एक संकट. एकदा शाळा बघायला कोणा मोठ्या अधिकाऱ्याची बायको आली. गोरीपान, हातात पर्स, प्रत्येकीला हात पुढं करून शेकहँड करायची. ओळ सरकत सरकत रूथबाईंपाशी आली. उजवा हात द्यावा तर मूठ बंद, डावा द्यावा तर अपमान. मी ट्रे घेऊन मागं उभी. चहा सांडायचाच या तयारीनं ट्रे वाकडा केलाच होता.

रूथबाईंनी शांतपणे दोन्ही हात जोडून नमस्कार केला. डावा पंजा वरून असा घेतला की आतली मूठ दिसलीच नाही.

पाहुण्या बाई इतक्या खूष झाल्या! म्हणाल्या, ख्रिस्ती असूनही तुम्ही किती आपल्या वळणाच्या.

"चार पिढ्या नागपुरातच आहोत," रूथबाई म्हणाल्या, "दुसऱ्या कोणाच्या वळणाचं व्हायला वेळच मिळाला नाही."

*

उन्हाळ्यात पियानोला पाणी ठेवावं लागे. हसू नका. आमच्याकडच्या मे महिन्यात लाकूड तडकतं. म्हणून खालची फळी काढून पियानोच्या पोटात पाण्याचं भांडं ठेवायचं, म्हणजे आत ओल राहते. इंग्रजांच्या वेळेपासूनची रीत. ते माझं काम.

त्या वर्षी कुही गावाकडून एक नवीन चित्रकलेच्या बाई आल्या होत्या. साध्या, देवभोळ्या. मी पियानोपुढं गुडघे टेकून, वाकून, आत पाणी ठेवते आहे हे त्यांनी दारातून पाहिलं आणि गुपचूप निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पियानोवर जास्वंदाचं फूल आणि मधोमध कुंकवाचं बोट!

मिशनची शाळा. मोठ्या बाईंचा चेहरा कुंकवाहून लाल. त्यांनी सगळ्यांसमोर मलाच विचारलं, हा काय प्रकार आहे.

मी म्हटलं, "मी बौद्ध, पियानो ख्रिस्ती. कुंकू ज्याचं असेल त्याले विचारा."

*

आणि मग ढोमणेबाबूंना माझ्या बोलण्यावर विश्वास बसला. इतक्या उशिरा, आणि तोही असा! झालं काय, की त्यांची साळी, म्हणजे बायकोची बहीण, जबलपूरहून पियानो शिकून आली आणि तिला नोकरी हवी होती. शाळेत पियानो एक, जागा एक.

ते मुद्दाम घंटेपाशी आले. आवाज अगदी साखरेत घोळलेला. म्हणाले, "कौसल्याबाई, तू तेव्हा म्हणत होती ना, रूथबाई एकाच हातानं वाजवते म्हणून?"

"म्हणत होती."

"मग तसं कमिटीपुढं सांगशील का?"

"तेव्हा तुम्ही हसले होते बाबूजी," मी म्हटलं. "आता माझी हसायची पाळी." आणि घंटा अशी वाजवली की ते कान धरून पळाले. दहा मिनिटं आधी शाळा सुटली त्या दिवशी.

*

तरी तक्रार गेलीच. जानेवारीत कमिटीचे साहेब स्वतः आले. आदल्या संध्याकाळी रूथबाईंनी क्वार्टरमधली भांडी गोणपाटात बांधायला घेतली होती. मी सोडून ठेवली. त्यांनी परत बांधली.

हॉलमध्ये आम्ही पाचच जण. साहेब, मोठ्या बाई, रूथबाई, ढोमणेबाबू आणि फडकं हातात घेऊन मी. ढोमणेबाबूंना साखरेचा आजार. बायको इतकी कडक की दुपारी कारल्याची भाजी स्वतः घेऊन यायची आणि गोड लपवलं आहे का म्हणून ऑफिसातल्या टेबलाचे खण उघडून बघायची. त्या दिवशी मात्र बाबूंचा चेहरा असा होता की जणू कारलं दुसऱ्या कोणी खाल्लं.

रूथबाईंनी प्रार्थना वाजवली. इतकी सुंदर त्यांनी कधी वाजवली नव्हती. साहेब पियानोच्या बाजूलाच उभे होते, त्यांना सगळं दिसत होतं. संपल्यावर ते म्हणाले, "छान. आता हेच उजव्या हाताने वाजवा."

रूथबाईंनी पदर बाजूला केला. आखडलेली मूठ उघड्यावर आली. त्या बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबांनी पट्ट्यांवरची नजर न काढता कुठून सुरू करायचं हे दाखवायला स्वतःच वाकून उजवीकडची एक पट्टी दाबली.

ठक.

दुसरी दाबली. ठक. तिसरी, चौथी. नुसतं लाकडावर टिचकी मारल्यासारखं. मधापासून उजवीकडं सूर नावाची गोष्टच शिल्लक नव्हती. तेव्हा मला कळलं, एकेक पट्टी मुकी होत गेली तशी बाई चालही खालच्या सुरांत आणत गेल्या होत्या.

साहेब सरळ उभे राहिले. म्हणाले, "या बाजूला आवाजच नाही. मग बाई उजवा हात चालवणार तरी कुठे?"

माझ्या छातीवरचा दगड असा खाली आला की फडकं हातातून पडलं. मोठ्या बाईंनी हळूच रूथबाईंचा पदर ओढून मुठीवर घातला. त्यांनी ती मूठ पाहिली होती. त्या पदरासाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं आहे.

इथं ढोमणेबाबूंनी गप्प बसायचं होतं. पण ज्याची जबलपूरची साळी घरी येऊन बसली आहे, तो गप्प कसा बसेल? ते पुढं आले. म्हणाले, शाळेच्या मालाचं एवढं नुकसान झालं, याला कोणीतरी जबाबदार असलंच पाहिजे. पियानो रूथबाईंच्या ताब्यात, झाडझूड या चपराशिणीची. आत्ताच्या आत्ता शोध लावा. आणि जो कोणी निघेल त्याची गय करू नका, साहेब.

साहेबांना ते पटलं. त्यांनी मला खालची फळी काढायला सांगितली. पावसाळा लागताना मी भांडं काढून ती बंद केली होती, त्यानंतर मी तिला हात लावला नव्हता. हॉलची किल्ली ऑफिसात असते.

फळी निघाली आणि आतून उंदीर पळाले. एक साहेबांच्या बुटावरून गेला. आत वरपर्यंत तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या लोकरीच्या गाद्या आणि चामड्याच्या फिती कुरतडून भुसा केलेला. आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, एक स्टीलचा डबा. झाकण कलंडलेलं, भोवती संत्रा बर्फीचा चुरा.

साहेबांनी विचारलं, डबा कोणाचा. मोठ्या बाईंनी मान हलवली. रूथबाईंनी मान हलवली. ढोमणेबाबू डब्याकडं न बघता म्हणाले, "असेल या चपराशी लोकांपैकी कोणाचा."

मी डबा उचलला, पदरानं बूड पुसलं आणि साहेबांच्या हातात दिला. म्हटलं, "साहेब, इतवारीत भांडं घेतलं की दुकानदार त्याच्यावर नाव कोरूनच देते. माझं असलं तर माझं निघंल. वाचा."

साहेबांनी चष्मा वर केला, डबा खिडकीच्या उजेडात धरला, आणि प्रत्येक शब्द सुटा सुटा करून, मोठ्यानं वाचलं:

"गणपत विठोबा ढोमणे."