भुसावळचं नाव द्यायचं का?

खानदेशात बघण्यासारखं काय आहे, असं मला विचारू नका. हिवाळ्यात या, भरीत-भाकरी खा आणि मग बोला. नव्वदच्या दशकातली माझी एक छोटी फेरी सांगते. जळगाव, धुळे, भुसावळ, बस्स. त्यानंतर मी बरीच हिंडले, पण पुन्हा करावासा वाटतो तो हाच प्रवास.

रिबका माझी कॉलेजातली मैत्रीण. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, रोज जळगावला अपडाऊन करणारी. वडील रेल्वेत गार्ड. सगळी कॉलनी त्यांना नाना म्हणायची. ही मंडळी बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. नाना गेले आणि पाठोपाठ घरातले सगळे इस्रायलला गेले. तीस वर्षांनी रिबका एकटी परत आली ती एका कामासाठी. नानांच्या कबरीपाशी कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, व्हायला हवी होती. त्या प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष हजर लागतात.

"बायका धरून?" मी विचारलं.

"बायकांना धरत नाहीत."

"छान आहे."

"तू नको सुरू होऊस, मास्तरीणबाई."

एके काळी भुसावळात सणाला दहाच्या दुप्पट पुरुष सहज जमत. आता एकही उरला नव्हता. धुळ्याला अब्राहमकाका नावाचे निवृत्त कंपाउंडर आहेत एवढं कळलं, म्हणून आधी धुळे.

जळगावहून एरंडोल, पारोळा करत एसटीला तीनेक तास लागायचे. सकाळी निघालात तर डावीकडे बसू नका, ऊन लागतं. रस्ता तेव्हा अरुंद होता. समोरून ट्रक आला की आमची गाडी मातीत उतरायची आणि धुरळा उडवत पुन्हा वर यायची. रिबका प्रत्येक धक्क्याला खूश. "हेच, अगदी हेच," म्हणायची.

पारोळ्याला चहाला उतरलो तेव्हा तिने खरा प्रश्न काढला. तिकडे इस्रायलमध्ये तिच्या शेजारी हाना नावाची पोलंडची बाई राहते. हानाच्या गावातले सगळे ज्यू नाझींनी मारले, ती एकटी वाचली. दर वर्षी त्या वंशसंहाराच्या स्मरणदिनी गावाचं नाव घेऊन ती दिवा लावते.

"मला म्हणाली, तुझ्याही गावात कोणी उरलं नाही ना? नाव सांग, त्याचाही दिवा लावते. तू एवढी वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंस. सांग, भुसावळचं नाव द्यायचं का?"

"नाही."

"अगं, विचार तरी कर!"

"यात विचार कसला? वंशसंहार म्हणजे नुसतं गाव रिकामं होणं नव्हे. एखादा समाज, तो तो समाज आहे म्हणूनच, संपवायचा हेतू लागतो. मग माणसं मारली काय, मुलं होऊ दिली नाहीत काय, की मुलं ओढून दुसऱ्यांत नेली काय. किती मेले यावर ते ठरत नाही. पण संपवणारा लागतो. भुसावळात तुम्हाला कोणी संपवलं?"

"कोणी नाही. स्टेशनवर निरोपाला सगळी कॉलनी आली होती. शेजारच्या अक्कांनी शिदोरी दिली."

"मग?"

"मग इतकं का दुखतं गं? आमच्यातलं कोणी राहिलं तर नाहीच ना तिथे? त्याला काय म्हणायचं?"

कंडक्टरने घंटी मारली. चहा तसाच टाकून आम्ही गाडीकडे पळालो.

अब्राहमकाका दारातच खुर्ची टाकून बसले होते. रिबकाने नानांचं नाव सांगताच त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. दहा जणांचं ऐकून मात्र हसले. "मला धरलंस. आता नऊ आण. माझ्या ओळखीचे सगळे तू राहतेस तिकडेच गेले, पोरी. तिथे एका जिन्यात दहा मिळतील, पण कबर इथे आहे." मग म्हणाले, "मलिदा कर. मलिद्याला मोजणी लागत नाही." पोहे, गूळ, नारळाचा हा नैवेद्य बेने इस्राएल प्रार्थनेनंतर वाटतात.

त्यांचे गुडघे गेलेले, ते काही आले नाहीत. आम्ही बसस्टँडजवळ शेवभाजी खाल्ली. तिखट झेपत नसेल तर आधीच सांगा. रिबकाने सांगितलं नाही आणि डोळे पुसत पूर्ण ताट संपवलं. तिखटाचंच पाणी, असं ती म्हणाली. मी मान्य केलं.

रात्री जळगावला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने भुसावळ. बाजारात पोहे, गूळ, ओला नारळ आणि फैजपूरकडची केळी घेतली. नानांचं जुनं क्वार्टर बाहेरूनच पाहिलं. अंगणात दुसऱ्यांचं वाळवण होतं. ख्रिस्ती दफनभूमीच्या एका कोपऱ्यात चार-पाच ज्यू कबरी आहेत. आम्ही पोचलो तर तिथे आधीच म्हातारे जमलेले. नानांची मुलगी आलीय ही बातमी कॉलनीभर गेली होती. पुढे होते दगडूभाऊ, रुळांचे सांधे बदलणारे निवृत्त पॉइंट्समन, मूळचे शिरपूरकडचे. दहा माणसांची अडचण ऐकली आणि ते म्हणाले, "आमले धरा ना, ताई! बठ्ठा नानाना दोस्त शेतस." ते सगळे नानांचेच दोस्त.

"नाही धरता येत, भाऊ," रिबका म्हणाली. "ज्यूच लागतात."

"मंग मोजू नका. उभं तं राहू द्या!"

ते उभे राहिले. कद्दिश झाली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "नानांनी झेंडी दाखवल्याशिवाय कोणी हलायचं नाही रे," आणि रिबका हसता हसता रडली. या वेळी तिखटाचं कारण नव्हतं. तिने रुळांजवळून उचललेली एक खडी कबरीवर ठेवली, ज्यूंमध्ये तशी रीत आहे. भिजवलेल्या पोह्यांचा मलिदा सगळ्यांनी हातावर घेतला. दगडूभाऊंनी दोनदा.

ती इस्रायलला परत गेली. पुढच्या स्मरणदिनानंतर तिचा फोन आला. लाइन खरखरत होती.

"नाव नाही दिलं. हानाला म्हटलं, भुसावळात आम्हाला कोणी मारलं नाही. लोक नानांच्या कबरीपाशी उभे राहिले, मलिदा खाल्ला."

"काय म्हणाली?"

"तिने आधी तिच्या गावाचा दिवा लावला. मग म्हणाली, म्हणजे तुला परत जाता येतं?"

मी म्हटलं, "भरिताची वांगी डिसेंबरात येतात."

"येते," ती म्हणाली.

अजून आलेली नाही. आधी नवऱ्याचं आजारपण, मग नातवंडं, आता तिचेही गुडघे. भुसावळला माझी गाडी थांबली की मी अजून खाली उतरून फलाटावर उभी राहते. तुम्ही तिकडे गेलात तर दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात एक खडी ठेवून या. ज्यू असायची गरज नाही, तिथे कोणी मोजत नाही.

आणि रिबका, हे वाचत असशील तर, वांगी आली आहेत.